कशावरून?

मराठीत काही शब्द दिसावयास लहान, पण सामर्थ्याने फार मोठे आहेत. ‘कशावरून?’ हा त्यांपैकीच एक. ‘आज पाऊस येणार,’ असे नातवाने म्हणताच आजोबा विचारतात, ‘कशावरून म्हणतोस?’ ‘पश्चिमेला आभाळ भरून आले आहे आणि वाराही तिकडूनच सुटला आहे,’ असे उत्तर आले, तर आजोबा अंगणातले वाळवण उचलावयास सांगतात. ‘मला आपले वाटते,’ असे उत्तर आले, तर ते हसून पुन्हा आपल्या कामाला लागतात. शब्दाची घडणच पाहा. बोलणे कशाच्या तरी वर उभे असले पाहिजे, अशी त्यात मागणी आहे. पायावाचून भिंत उभी राहत नाही, तसे आधारावाचून विधान उभे राहत नाही.

आपल्या शाळांतील विज्ञान मुलांना उत्तरे पुष्कळ शिकविते. हा प्रश्न मात्र तितका शिकवीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते’ हे वाक्य सातवीतला प्रत्येक विद्यार्थी बिनचूक लिहितो. ‘कशावरून?’ असे त्यालाच विचारले, की तो म्हणतो, ‘पुस्तकात आहे.’ उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु ते उत्तर त्या मुलाचे नसते. ते उसने आणलेले असते, आणि उसन्या भांडवलावर फार काळ व्यापार चालत नाही.

मग विज्ञानात एखादे म्हणणे सिद्ध करावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे? त्याची मुख्य अंगे तीन आहेत. पहिले अंग विधान, म्हणजे आपले म्हणणे. दुसरे अंग पुरावा, म्हणजे आपण पाहिलेले, मोजलेले, नोंदलेले. तिसरे अंग संगती, म्हणजे त्या पुराव्यावरून तेच विधान का निघते, हे सांगणारा दुवा. हा विचार परका नाही. आपल्याकडील न्यायशास्त्राने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयव फार पूर्वीच सांगून ठेवले आहेत. त्यांचे नेहमीचे उदाहरण डोंगरावरील धुराचे. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन.

या उदाहरणातील खरी मेख तिसऱ्या अवयवात आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हा नियम ठाऊक नसलेल्या माणसाला धूर दिसूनही अग्नी कळणार नाही. नियम ठाऊक आहे, पण पहाटेच्या धुक्यालाच तो धूर समजला, तर तो फसेल. आणि नियम उलटा करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हणू लागला, तर लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा त्याला खोटे पाडील. तेथे अग्नी असतो, धूर नसतो. पुरावा डोळ्यांना दिसतो. संगती बुद्धीने जोडावी लागते. शाळेतील मुले अडखळतात ती बहुधा याच जागी.

आमच्या वर्धा जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि हिंदू व मुसलमान दोघेही तेथे भक्तिभावाने जातात. या टेकडीवर गोल, लांबट अशा आकारांचे दगड विपुल सापडतात. त्यांविषयी एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दोन व्यापारी माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी साधूची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि इतर सारा माल दगड होऊन गेला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा साधूने वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. आणि ते दोघे कायमचे त्यांच्या सेवेत राहिले.

आता विज्ञानाचा विद्यार्थी विचारील, हे दगड गोल का? भूशास्त्राचे म्हणणे असे, की हे दगड म्हणजे खडकातील पोकळ्यांत साचलेली खनिजे आहेत. झाले ते विधान. त्याला पुरावा कोणता? पहिला पुरावा असा, की असे गोळे काळ्या खडकाच्या आत रुतलेले आढळतात. खडक झिजतो तसे ते सुटे होऊन बाहेर पडतात. वाटेवर सांडलेला माल खडकाच्या पोटात जाऊन बसणार नाही. दुसरा पुरावा असा, की असा गोळा फुटला तर आत करवंटी आणि खोबरे यांसारखे थर दिसत नाहीत, खनिजाचे स्फटिक दिसतात. तिसरा पुरावा असा, की अशी खनिजे एकट्या गिरडलाच सापडत नाहीत. पुणे, नाशिक, जळगाव अशा दूरच्या जिल्ह्यांतील काळ्या खडकांतही ती सापडतात. आणि जेथे जेथे ती सापडतात, तेथील काळा खडक एकाच जातीचा असतो.

एवढा पुरावा हाती आल्यावरही विधान अद्याप सिद्ध झालेले नाही. संगती जोडावयाची आहे. हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या या विस्तीर्ण प्रदेशात जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले आणि थंड झाले. भाकरी भाजताना वाफ कोंडून पापुद्रा फुगतो, तसे त्या रसात कोंडलेल्या वायूंचे बुडबुडे झाले; रस थिजला, आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले पाणी दीर्घ काळ झिरपत राहिले, आणि आत थरावर थर साचत गेले. झिओलाइट नावाची खनिजे अशीच तयार होतात. पोकळी गोल, म्हणून गोळा गोल. पोकळी खडकात, म्हणून गोळाही खडकात. खडक सर्वत्र एक, म्हणून गोळेही ठिकठिकाणी. एका संगतीने तिन्ही पुरावे एका सूत्रात ओवले जातात. चांगल्या युक्तिवादाची ही मोठी खूण होय.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे कथा खोटी ठरली आणि श्रद्धेचा अपमान झाला. मला तसे वाटत नाही. सज्जनाची थट्टा करू नये, आणि चुकलेल्याने क्षमा मागितली तर ती द्यावी, हे त्या कथेचे सांगणे आहे. दगडाचे रसायन सांगणे हे तिचे कामच नव्हे. आपण जेव्हा कथेला भूशास्त्राच्या परीक्षेला बसवितो, तेव्हा आपणच तिच्यावर अन्याय करतो. मुलांना एवढे मात्र सांगेन, की त्या टेकडीवरचे दगड फोडावयास जाऊ नका. ते श्रद्धास्थान आहे, त्याचा मान राखा. आपल्या शेताच्या बांधावर किंवा नाल्याच्या काठी काळ्या खडकात पांढरे ठिपके दिसतात, ते निरखून पाहा. तेच पोकळ्यांत भरलेले खनिज असण्याचा संभव पुष्कळ आहे. गुरुजींच्या मदतीने ताडून पाहा.

दगडाच्या बाबतीत चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु काही ठिकाणी ‘कशावरून?’ न विचारण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते. आमच्या भागात पावसाळा लागला, की कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या शेतांत सर्पदंश होतात. अजूनही कोठे कोठे दंश झालेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेतात. ‘मंत्राने विष उतरते,’ हे विधान. ‘माझ्या डोळ्यांदेखत दहा माणसे बरी झाली,’ हा पुरावा. दहा माणसे बरी झाली हे खोटे नसेलही. मग युक्तिवादात उणे काय?

उणे आहे ते संगतीत. आपल्याकडील बहुतेक जातींचे साप बिनविषारी असतात. प्राणघातक दंश करणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शिवाय विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. म्हणजे ती दहा माणसे मंत्रावाचूनही बरी झाली असती काय, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. विषारी दंश होऊन केवळ मंत्रावर राहिलेली माणसे किती, आणि त्यांतील वाचली किती, हे मोजले पाहिजे. जी वाचली ती येऊन सांगतात. जी दगावली ती सांगावयास येत नाहीत, आणि मांत्रिकाच्या ओट्यावर त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. आपल्या बाजूची उदाहरणे तेवढी मोजावयाची आणि विरुद्ध बाजूची सोडून द्यावयाची, याला पुरावा म्हणत नाहीत.

याउलट प्रतिविषाचा युक्तिवाद पाहा. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेने, वाढवीत वाढवीत टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला बांधून टाकणारी द्रव्ये तयार करते. ती त्याच्या रक्तातून वेगळी काढून, शुद्ध करून रुग्णाला देतात; ती रुग्णाच्या शरीरातील विषाला बांधतात. आपल्या देशात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांवर चालते. येथे विधान आहे, रुग्णालयांतील नोंदींचा पुरावा आहे, आणि विष कसे निष्प्रभ होते हे सांगणारी संगतीही आहे. भारतात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. दंशानंतरचा अर्धा तासही मोलाचा असतो. तो मंत्रात गेला, तर पुढे उपचार असूनही हात टेकावे लागतात. म्हणून साप चावला तर रुग्णाला धीर द्यावा, त्याची हालचाल होऊ देऊ नये, आणि त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

पुरावा कसा गोळा करावा, हे शिकण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र. हात कामाला लागले, की पुरावा आपोआप समोर येतो. समजा, वर्गातील एका मुलीने म्हटले, ‘भिजविलेली तूर कोरड्या तुरीपेक्षा लवकर उगवते.’ ठीक आहे. घरच्या कणगीतील अख्खी तूर घ्या. २० दाणे रात्रभर भिजवा, २० कोरडे ठेवा. दोन सारख्या कुंड्या, एकच माती, सारखी खोली, सारखे पाणी, सारखे ऊन. फरक एकच, भिजविण्याचा. एक कुंडी उन्हात आणि दुसरी सावलीत ठेवली, तर उगवणीतला फरक उन्हाचा की पाण्याचा, हे कसे ठरविणार? मग रोज सकाळी किती कोंब वर आले, ते वहीत लिहावे.

भिजविलेले दाणे आधी उगवले, तर संगती अशी जोडता येईल: बी आधी पाणी शोषते, त्याने टरफल मऊ होते, आणि मग मोड बाहेर पडतो, भिजविलेल्या दाण्याचे पहिले काम रात्रीच झालेले असते. पण येथे एक सावधगिरी हवी. ‘लवकर उगवते’ यावरून ‘पीक जास्त येते’ असे म्हणता येणार नाही. पिकाचे मोजमाप आपण केलेलेच नाही. विधानाचे पाय पुराव्याच्या अंथरुणाबाहेर जाता कामा नयेत. आणि दोन्ही कुंड्या एकाच दिवशी उगवल्या तर? तर विधान बदलावे. वहीतील आकडे बदलू नयेत. शाळेच्या प्रयोगवहीत पुस्तकाशी जुळणारे आकडे भरणे हा दिसावयास लहान अपराध आहे, पण विज्ञानाचा घात तेथूनच सुरू होतो.

युक्तिवादाचे आणखी एक अंग आहे, आणि ते आपल्या शास्त्रकारांनी फार आदराने सांभाळले. आपले मत मांडण्यापूर्वी ते विरुद्ध मत पूर्ण सामर्थ्यानिशी मांडीत. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्याचेच पाहा. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात नावेचा दृष्टांत दिला. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात. तसेच फिरणाऱ्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराने यावर आक्षेप घेतला. पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे आले असते? आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पक्षी घरट्याकडे परततात, हा पुरावा तर रोज संध्याकाळी दिसतोच.

त्याचे उत्तर पुढे मिळाले. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि त्यातील पक्षीही. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या आगगाडीत चेंडू सरळ वर फेकला, तर तो मागे पडत नाही, हातातच येतो. म्हणजे वराहमिहिराचा पुरावा खरा होता, संगती अपुरी होती. पण नावेच्या दृष्टांतानेही पृथ्वी फिरते असे सिद्ध झाले नव्हते. ती फिरत असेल तरी आपल्याला असेच दिसेल, एवढेच त्याने दाखविले. दृष्टांत विधानाला समजण्याजोगे करतो. सिद्ध करण्यास पुरावाच लागतो. तो डोळ्यांना दिसेल असा पुरावा १८५१ मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस येथे दाखविला. सुमारे ६७ मीटर लांब तारेला २८ किलोग्रॅम वजनाचा गोळा टांगून त्याने तो झुलविला. लंबक मोकळा असल्यास झुलण्याची दिशा सोडीत नाही. तरीही ती दिशा जमिनीच्या मानाने हळूहळू वळताना दिसली. लंबकाला कोणी वळविले नाही. वळली ती खालची जमीन. आर्यभटाच्या विधानाला असा पुरावा मिळण्यासाठी साडेतेराशे वर्षे जावी लागली.

यावर एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘मग पुस्तकावर विश्वास ठेवावयाचाच नाही काय? प्रत्येकाने ६७ मीटरची तार कोठून आणावी?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या परंपरेने विश्वासू माणसाच्या वचनालाही प्रमाण मानले आहे, आणि त्यावाचून कोणाचेच ज्ञान पुढे जाणार नाही. पण वचन विश्वासू केव्हा ठरते? त्याच्या मागे कोणीतरी केलेले निरीक्षण असते, ते पुन्हा करून पाहण्याची वाट सर्वांना मोकळी असते, आणि चूक आढळली तर वचन दुरुस्त करण्याची तयारी असते, तेव्हा. पाठ्यपुस्तक म्हणजे अशा तपासलेल्या वचनांचा साठा आहे. त्यावर विश्वास ठेवावा; मात्र त्या वचनामागचा पुरावा कोणता, हे विचारण्याचा हक्क सोडू नये.

हा हक्क केवळ हौसेचा नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आली. वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक वृत्ती वाढविणे हे त्यांपैकी एक आहे. कर्तव्य नागरिकाचे, पण त्याची तालीम शाळेतच व्हावयास हवी. म्हणून शिक्षकबंधू-भगिनींनाही माझी विनंती आहे. मुलाने ‘कशावरून, गुरुजी?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. तो प्रश्न म्हणजे आपल्या शिकविण्याला आलेले फळ आहे. उत्तर ठाऊक असेल तर सांगावे. नसेल तर ‘उद्या आपण मिळून शोधू’ म्हणावे. त्याने गुरुजींचा मान कमी होत नाही.

आणि मुलांनो, तुम्हीही एक पथ्य पाळा. ‘कशावरून?’ हा प्रश्न विधानाला विचारावयाचा असतो, माणसाला टोचावयाचा नसतो. विधान खोडले, म्हणजे माणूस खोडला असे होत नाही. विचारताना आवाज नम्र असावा आणि उत्तर ऐकण्याची तयारी असावी. दुसऱ्याला हा प्रश्न एकदा विचाराल, तर स्वतःला दोनदा विचारा. कारण आपले मत आपल्याला फार लवकर पटते. जो स्वतःच्या मताला ‘कशावरून?’ विचारू शकतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही, आणि तोही कोणाला सहज फसवीत नाही.